हेडर बदलला, प्रोग्राम जुनाच: ऑब्जेक्टिव्ह-सी आणि मेकफाइल

प्रश्न: नमस्कार. मी मॅकवर एक्सकोड न उघडता टर्मिनलमधून ऑब्जेक्टिव्ह-सी शिकतोय. एका फाइलचा प्रोग्राम मस्त चालतो, पण अकाउंट नावाचा क्लास वेगळ्या डॉट एच आणि डॉट एम फाइलीत टाकला की 'अनडिफाइंड सिम्बॉल्स' येतं, हेडर इम्पोर्ट करूनसुद्धा. मित्र म्हणाला हेडरऐवजी अकाउंट डॉट एमच इम्पोर्ट कर. ते चाललं, पण आता बँक डॉट एममध्येही तसंच केलं तर 'डुप्लिकेट सिम्बॉल'. शेवटी मेकफाइल (बिल्ड कसं करायचं ते 'मेक' या प्रोग्रामला सांगणारी फाइल) लिहायला घेतली तर 'मिसिंग सेपरेटर'. काय करू?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी मित्राचा तो उपाय काढून टाका. डॉट एम फाइल इम्पोर्ट केली की तिचा सगळा कोड तिथे ओतला जातो, म्हणजे मेन डॉट एममध्ये एक अकाउंट आणि बँकमध्ये दुसरा, मग लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) भांडणारच. इम्पोर्ट एकदाच होतो हे खरंय पण ते एका डॉट एमच्या कंपाइलपुरतं, सगळ्या प्रोग्रामपुरतं नाही.

तुमची पहिली एरर कंपायलरची नव्हतीच, लिंकरची होती. हेडर वाचून कंपायलरला कळतं की असा क्लास कुठेतरी आहे, तेवढ्यावर तो खूश. तो कुठेय हे शोधायचं काम लिंकरचं, आणि तुम्ही क्लँगला (मॅकवरचा कंपायलर, लिंकरलाही तोच बोलावतो) फक्त मेन डॉट एम दिली होती. तिन्ही डॉट एम एकाच आज्ञेत लिहा आणि शेवटी मायनस फ्रेमवर्क फाउंडेशन (अ‍ॅपलची पायाभूत लायब्ररी) जोडा, झालं. तीन फाइलींसाठी खरं तर एवढं पुरतं, मेकफाइलची घाई नाही.

पण शिकायचीच असेल तर शिका. नियम दोनच लागतात. एक, कुठल्याही डॉट एमपासून डॉट ओ, म्हणजे कंपाइल झालेला तुकडा, कशी करायची (क्लँग मायनस सी, आणि एआरसी, म्हणजे मेमरी आपोआप सांभाळायची सोय, वापरत असाल तर तो फ्लॅग इथेच). दुसरा, सगळ्या डॉट ओ जोडून प्रोग्राम, फाउंडेशन इथे लागतं. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, स्पेस चालत नाहीत, तुमचं मिसिंग सेपरेटर बहुतेक त्याचंच, एडिटर टॅबच्या जागी स्पेस घालतोय का बघा. मेक १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं, टॅबची भानगड तेव्हापासूनची, आणि थोडेफार लोक वापरायला लागले होते म्हणून त्यांनी ती बदलली नाही. ती आपण अजून भोगतोय.

आता जिथे नवीन माणूस खरा फसतो ते. डॉट ओ फक्त डॉट एमवर अवलंबून आहे असं लिहिलंत आणि नंतर अकाउंटमधल्या डिपॉझिट मेथडचं नाव हेडर आणि डॉट एम दोन्हीकडे बदलून 'जमा' असं केलंत, तर मेकला वाटतं मेन डॉट एमला हात लागलेला नाही, सोडा. जुनी मेन डॉट ओ तशीच राहते, तिच्यात अजून डिपॉझिटचीच हाक. साध्या सीमध्ये फंक्शनचं नाव असं बदललं असतं तर लिंकरने पकडलं असतं, पण ऑब्जेक्टिव्ह-सीत मेथड शोधली जाते प्रोग्राम चालताना, लिंकरला फक्त क्लास सापडला की बास. बिल्ड एकदम स्वच्छ, आणि चालवलं की 'अनरेकग्नाइझ्ड सिलेक्टर' (अशी मेथडच नाही) म्हणून क्रॅश. मेन नव्याने कंपाइल झाली असती तर एआरसी चालू असताना क्लँगने तिथेच एरर दिली असती.

उपाय सोपा आहे: कंपाइलच्या फ्लॅगमध्ये मायनस एमएमडी घाला. क्लँग प्रत्येक डॉट ओसोबत एक डॉट डी फाइल बनवतं, त्यात कुठले हेडर वापरले त्याची यादी असते. मेकफाइलच्या शेवटी त्या डॉट डी फाइली इन्क्लूड करा, इन्क्लूडच्या आधी एक मायनस, म्हणजे पहिल्या वेळी त्या नसल्या तरी मेक अडत नाही. हाताने यादी लिहायच्या भानगडीत पडू नका, ती महिन्याभरात खोटी होते. आणि काहीही विचित्र वागलं तर आधी सगळ्या डॉट ओ उडवून परत बिल्ड करा, त्यासाठी क्लीन नावाचं टार्गेट ठेवा.

पुढे लिनक्सवर गेलात तर फाउंडेशन फ्रेमवर्क तिथे नाही, त्याऐवजी जीएनयूस्टेप ही मुक्त लायब्ररी टाकावी लागते. तिची स्वतःची मेकफाइल पद्धत आहे, त्यात टूलचं (तुमच्या प्रोग्रामचं) नाव आणि डॉट एमची यादी दिली की बाकी नियम तीच आणते.