परतीची तारीख बोटीवर नेऊ नकोस

प्रिय मित्रा,

रजा मंजूर झाल्याचा निरोप मिळाला. एकवीस दिवस, सव्वीस फुटी शिडाची बोट, सोबतीला एक मित्र, मुंबई ते गोवा आणि परत. तुझं वेळापत्रक दोनदा वाचलं. बोट ठीक, सोबती ठीक, जानेवारीचा मोसमही ठीक. शेवटची ओळ तेवढी खुपली: ‘रविवारी मुंबई, सोमवारी ऑफिस.’

जाताना फारसा त्रास नाही. एकूण अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. मुरूड, हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम केलेस तर रोजचे तीस-चाळीस मैल पडतात. दुपारचा वायव्येचा खारा वारा पाठीशी असतो. शीड मोकळं सोडायचं आणि किल्ले मोजत जायचं. येताना मात्र तोच वारा तोंडावर. मग नागमोडी जावं लागतं आणि नकाशावरचे तीस मैल पाण्यावर पंचेचाळीस होतात. तू जायला नऊ दिवस धरलेस, यायलाही नऊच!

मीही हेच केलं होतं. सोमवारी ऑफिसात मीटिंग, म्हणून रविवारी दुपारी दाभोळहून हर्णैला निघालो. अंतर जेमतेम पंधरा मैल. चार तास वाऱ्याशी झोंबून सात मैल सरकलो. अंधार पडला, इंजिन लावलं, आणि दहा मिनिटांत पंख्यात जाळं अडकलं. कांदा चिरायची सुरी दातात धरून मी पाण्यात उतरलो. वर बोट उसळतेय, खाली नायलॉनचा दोर गुंडाळून दगडासारखा घट्ट झालेला. शेवटी जाळ्याच्या मालकानेच ओढून हर्णैला नेलं. चहा पाजला आणि फाटलेल्या जाळ्याचे पैसे मोजून घेतले. बरोबरच आहे, चूक माझी होती. ऑफिसात पोचलो बुधवारी.

तेव्हा परतीला दुपारचा वारा विसर. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तो तुझा. चारला नांगर उचल, किनारा धरून उत्तरेला चाल. उजाडेपर्यंत एकाला पुढे बसवून जाळ्यांचे दिवे आणि बोये बघायला लाव. दुपारी वारा फिरला की जवळची खाडी गाठ. दिवसाला वीस मैल झाले तरी पुष्कळ. उरलेला दिवस झोप, मासे तळ.

खाडीत शिरताना घाई नको. मुखाशी वाळूचा बांध असतो, आणि ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समोरून वारा असला की तिथे लाटा फुटतात. चढत्या पाण्यातच आत जा. भरतीचं कोष्टक सोबत असू दे, पण कोळ्यांचा हिशेबही शिकून ठेव: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. हिशेब ढोबळ आहे, आणि दक्षिणेला जाशील तशी वेळ थोडी अलीकडे येते. मुंबईच्या उधाणाची सवय झालेल्याला गोव्यातली भरती किरकोळ वाटते. मालवणात मात्र पाण्याखालच्या खडकांमुळे अंधारात शिरायचंच नाही. उशीर झाला तर बाहेर समुद्रात रात्र काढ.

आणि ‘हिवाळ्यात वादळ येत नाही’ असं लिहिलंयस, ते खोड. 2017 च्या डिसेंबरात ओखी वादळामुळे केरळच्या कितीतरी मच्छीमार बोटी देवगडच्या बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. रोज सकाळ-संध्याकाळ हवामान बघ. व्हीएचएफ रेडिओ सोळा नंबरच्या चॅनलवर ठेव, तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554 दोघांच्याही फोनमध्ये असू दे. ओळखपत्रं आणि बोटीचे कागद वरच ठेव, सागरी पोलीस विचारतात.

आता त्या सोमवारचं. कोकणात प्रत्येक बंदरापासून एसटी आहे, हे शिडाच्या बोटीवाल्याला मिळालेलं मोठं सुख. वाऱ्याने साथ दिली नाही किंवा दिवस संपले, तर बोट विजयदुर्गला, जयगडला, जिथे असशील तिथे नीट नांगरून एखाद्या भरवशाच्या माणसाच्या हवाली कर. रोजचे पैसे ठरव, आणि बॅग उचलून बस धर. बोट पुढच्या शनिवार-रविवारी आणता येईल. मी एकदा दीड महिन्यात, तीन टप्प्यांत बोट घरी आणली. ऑफिसात हसले सगळे. हसू देत. असं करायचंच आहे असं धरून त्यासाठी आजच पैसे बाजूला काढ.

सोबत्याला हे निघण्यापूर्वीच सांग. भर समुद्रात ‘मला पोचायलाच हवं’ म्हणणारा माणूस फुटक्या पंपापेक्षा वाईट.

शनिवारी ये. माझा जुना नांगर माळ्यावर आहे, तुझा मला हलका वाटतो. साखळी गंजली आहे, ती नवीन घ्यावी लागेल. येताना वेळापत्रकाचा कागद आण, आणि पेन्सिलही.

तुझा,
काका