लांबच्या बसप्रवासात गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना उलट्या-जुलाब झाले तर काय करावं?

संयुक्त हार्मोनच्या, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन हार्मोन असलेल्या गोळ्या आहेत असं धरून सांगते. गोळी घेतल्यापासून 3 तासांच्या आत उलटी झाली, तर ती शोषली गेली नाही असं समजून लगेच दुसरी घ्या. म्हणून एक जादा पाकीट हातातल्या पिशवीतच ठेवा, तापलेल्या डिकीत नको. उलट्या किंवा जोराचे जुलाब 24 तासांहून जास्त टिकले, तर ते दिवस गोळी चुकल्यासारखे मोजा: रोजची गोळी सोडू नका, आणि बरं वाटल्यावर 7 दिवस कंडोम वापराच. त्या 7 दिवसांत हार्मोनच्या गोळ्या संपल्या, तर बिनऔषधाच्या गोळ्या वगळून थेट नवं पाकीट सुरू करा. पाळी पुढे जाईल, मधेच डाग पडतील; त्यात धोका नाही. एका पायाला सूज आणि दुखणं मात्र अंगावर काढू नका, ती रक्ताची गाठ असू शकते; त्याच दिवशी डॉक्टर गाठा.