रिमोटचं एकच बटण रुसलं तर?

प्रश्न : टीव्हीच्या रिमोटचं आवाज वाढवायचं बटण जोर लावून दाबावं लागतं. बाकीची बटणं नीट चालतात. सेल नवे आहेत. रिमोट बदलावा का?

उत्तर : अजिबात नको! बाकीची बटणं चालतात, म्हणजे पुढचा एलईडी (सिग्नल पाठवणारा छोटा दिवा) आणि सर्किट ठीक आहे. (एकही बटण चालत नसेल, तर मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर रिमोट दाबून पाहा, फिकट जांभळा उजेड लुकलुकला तर एलईडी चालू आहे.)

तुमच्या रिमोटचा दोष बटणांखालच्या रबरी पॅडमध्ये आहे. बटणाखाली काळी कार्बनची टिकली असते, ती बोर्डावरच्या पट्ट्यांना टेकली की सिग्नल जातो. हाताचा आणि रबरातून झिरपणारा तेलकटपणा मधे साचतो. ज्या बटणाचा वापर जास्त, ते आधी बिघडतं.

सेल काढा. सेलच्या खाचेतला स्क्रू असल्यास सोडवा. जुनं एटीएम कार्ड सांध्यात घालून कडेकडेनं फिरवत रिमोट उघडा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर खिट्ट्या तुटतात. कानकाडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल (पटकन उडून जाणारं सफाईचं स्पिरिट) घेऊन बोर्डावरच्या पट्ट्या पुसा. टिकलीवरून मात्र हलकाच हात फिरवा, पॉलिश पेपर मुळीच लावू नका, कार्बन निघून जातो. दहा मिनिटं वाळू द्या, मगच सेल घाला.