पॅलिएटिव्हकडे पाठवलं, म्हणजे आता संपलं का?

पॅलिएटिव्ह, म्हणजे रोग हटवण्यापेक्षा रुग्णाचा त्रास कमी करण्यावर भर देणारे उपचार. हा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा रुग्ण नसतो. मुलगा असतो, लेक असते, बायको असते. आणि विचारण्याआधी दार नीट लागलंय ना, हे बघून घेतलेलं असतं.

मी समुपदेशक आहे. त्या दिवशी समोर तिशीतला एक मुलगा होता. वडील एकसष्ट वर्षांचे, फुफ्फुसाचा कॅन्सर मणक्यापर्यंत पोचलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ते गृहस्थ जाऊनही आता बराच काळ लोटलाय.) एका डॉक्टरांनी उभ्याउभ्याच सांगितलं होतं, "आता आमच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही," आणि लगेच पॅलिएटिव्ह विभागाची चिठ्ठी हातात दिली होती. दोन गोष्टी पाठोपाठ आल्या, त्यामुळे मनात त्यांची गाठ बसली. चिठ्ठी म्हणजे निरोप.

डॉक्टरांच्या त्या वाक्यावर माझा जुना राग आहे. रोग हटवण्यासारखं उरलं नसेल, पण दुखणं, धाप, मळमळ, झोप, भीती यांवर करण्यासारखं भरपूर असतं. पण रागावून काही साधत नाही, म्हणून मी त्याला माहिती द्यायला बसले. २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच उपचारांच्या जोडीला सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाचे दिवस जास्त बरे गेले, मन कमी खचलं, आणि ते जगलेही थोडे जास्त. मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) धरला तर ८.९ महिन्यांच्या जागी ११.६. म्हणजे पॅलिएटिव्ह हे उपचार थांबल्यावरच सुरू होतं असं नाही, ते उपचारांच्या हातात हात घालून चालू शकतं.

त्याने सगळं शांतपणे ऐकलं, पिशवीतून एक कागद काढला आणि तळाशी लिहिलं: '१२. पॅलिएटिव्ह.'

तेव्हा कळलं की मी घाई केली. मी त्याला धीर देत होते, आणि तो यादीत एक उपाय वाढवत होता.

तो कागद म्हणजे वडिलांच्या दिवसाचं वेळापत्रक होतं. पहाटे ५ ला कसला तरी अर्क, साडेसहाला चूर्ण, आठला दुसरं चूर्ण पण पहिल्यापासून दीड तासाचं अंतर ठेवून, मग रस, मग कॅप्सूल, संध्याकाळी हातापायांना तेल, रात्री श्वासाचा व्यायाम. अकरा ओळी. काही नेटवरून घेतलेल्या, काही कोणाच्या तरी मेहुण्याला गुण आला म्हणून. "ऑफिस सांभाळून हे सगळं होत नाही मॅडम," तो म्हणाला. "पण थांबलो तर बाबांना वाटेल, मी त्यांना सोडून दिलं."

दोन दिवसांनी वडिलांशी एकट्याने बोलले. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. दुखण्याबद्दल विचारलं तर त्यांनी पाठीचं नाव आधी घेतलंच नाही. हात पुढे केले. केमोनंतर बोटांची टोकं बधिर झाली होती. "ताई, स्क्रू चिमटीत आहे की पडला, ते बघावं लागतं. हाताला कळत नाही." हॉस्पिसची, म्हणजे आयुष्याच्या अखेरीला आलेल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या केंद्रांची, आधुनिक चळवळ उभी करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स याला 'टोटल पेन' म्हणत. शरीराचं, मनाचं, माणसांमधलं आणि जगण्याच्या अर्थाचं दुखणं, सगळं एकाच वेदनेत गुंतलेलं. सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. कदाचित म्हणूनच त्यांना हे दिसलं असावं.

वेळापत्रकाचा विषय मी काढला नव्हता, त्यांनीच काढला. "पोरगं चारला उठतं. मला तो अर्क उतरत नाही घशाखाली. पण नको म्हटलं तर त्याला वाटेल, बाप हरला. म्हणून पितो."

मुलगा थांबत नव्हता बापासाठी, बाप नाही म्हणत नव्हता मुलासाठी. आणि त्या अर्कावर दोघांपैकी एकाचाही खरा भरवसा नव्हता.

पुढच्या भेटीत दोघांना एकत्र बसवलं. कागद टेबलावर ठेवला, पेन्सिल वडिलांच्या हातात दिली आणि म्हटलं, प्रत्येक ओळीपुढे एवढंच सांगा, याने तुम्हाला त्याच दिवशी बरं वाटतं का? रोग जाईल की नाही ते सोडा. आजचं सांगा. त्यांनी चष्मा लावला आणि घड्याळाचं यंत्र तपासावं तशी एकेक ओळ तपासली. अकरापैकी दोनच ओळींवर खूण झाली: तेल आणि श्वासाचा व्यायाम. मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, आधी सांगायचं ना."

पूरक उपचारांबद्दल विचारणाऱ्यांना मी हीच चाळणी देते. हलका मसाज, श्वास, संगीत, ध्यान यांनी दुखण्याची, मळमळीची, घाबरण्याची धार कमी होऊ शकते, आणि ती त्याच दिवशी कळते. ते उपचारांच्या जोडीला चालतं. 'हे घ्या आणि केमो बंद करा' असं सांगणारा माणूस वेगळीच गोष्ट विकत असतो. बरा होऊ शकणारा कॅन्सर असताना फक्त पर्यायी उपचारांवर विसंबलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट दिसलं, असा अभ्यास २०१८ साली आला. तिथे मी समुपदेशकाचा तटस्थपणा बाजूला ठेवते.

जोडीला घ्यायचं तेही डॉक्टरांना दाखवूनच. 'वनस्पती आहे, अपाय काय होणार' हे वाक्य अनेकांना महागात पडतं. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे इरिनोटेकन नावाच्या केमोच्या औषधाची रक्तातली परिणामकारक मात्रा घटते. काही कॅप्सूलींमुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम वाढतो. साध्या तेल लावण्यालाही नियम आहेत. प्लेटलेट कमी असतील तर दाबून चोळायचं नाही, पायात रक्ताची गुठळी असेल तर त्या पायाला मसाज नाही, हाडात गाठ असेल तिथे दाब नाही. या वडिलांच्या पाठीला हात लावायचा नव्हता, हातांना चालणार होतं. पॅलिएटिव्हच्या नर्सने मुलाला शिकवलं: तळहात खालून आधाराला, अंगठा मनगटापासून बोटांकडे, दाब इतकाच की कातडी हलावी. तीन-चार मिनिटं झाल्यावर तो म्हणाला, "बाबांचे हात मी असे कधी धरलेच नव्हते." वडील खिडकीबाहेर बघत होते. बधिरपणा त्याने गेला नाही. जाणारही नव्हता.

दुखण्यासाठी डॉक्टरांनी सुचवलेल्या मॉर्फिनला मात्र मुलाच्या आईचा विरोध. नवरा गुंगीत जाईल, सवय लागेल, आणि 'ते शेवटी देतात'. या भीतीला हसू नये. ज्यांनी कुणाला शेवटच्या दोन दिवसांतच मॉर्फिन मिळताना पाहिलंय, त्यांच्या मनात औषध आणि मरण एकत्र बसलेलं असतं. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं. दुखण्यासाठी मोजून दिलेल्या डोसने व्यसन लागणं क्वचितच होतं. सुरुवातीची झोप आणि मळमळ बहुतेकांना काही दिवसांत उतरते. बद्धकोष्ठ मात्र राहतो, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. आणि गोळी घड्याळाच्या काट्यावर, दर चार तासांनी. दुखायची वाट बघायची नाही. काट्याचं ऐकून वडील पहिल्यांदा हसले. वेळेची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.

मुलाच्या पहिल्या प्रश्नाला मी शेवटपर्यंत हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही. आजार बरा होणार नव्हता, आणि तसं मी सांगितलंही. त्यावर तो गाडीत बसून रडला, असं त्यानेच नंतर सांगितलं.

दोन आठवड्यांनी ते आले तेव्हा कागद सोबत होता. नऊ ओळी पट्टी लावून खोडलेल्या. पहिल्या खोडलेल्या ओळीच्या वर वडिलांनी थरथरत्या पण सुटसुटीत अक्षरात लिहिलं होतं: 'पहाटे ५: झोप. दोघांची.'