पाण्यातही आणि जेवणाच्या टेबलावरही चालेल असा बायकांचा स्विमसूट कसा डिझाइन करावा?

तुम्ही विचारलंय की स्विमसूट फेमिनिन दिसावा म्हणून फ्रिल कुठे लावू, रिंग कुठे लावू, आणि कमरेला स्कर्ट जोडला तर तो रिसॉर्टवर दिवसभर चालेल का. रिंग हा शब्द वाचला आणि लिहायला बसले.

सहा वर्षांपूर्वी मी आणि माझी तेव्हाची भागीदार, आम्ही गोव्यातल्या एका दुकानासाठी बारा नग शिवले. वन-पीस, कमरेला रेयॉनचा घेरदार स्कर्ट शिवूनच टाकलेला, छातीच्या मधोमध पितळी रिंग. मी पुढून पूर्ण अस्तर लावू म्हणत होते. ती म्हणाली, "पाण्यात उतरतंय कोण? बायका फोटोसाठी घेतात." मी गप्प बसले. त्यातलाच एक नग वहिनीला दिला आणि मे महिन्यात आम्ही तारकर्लीला गेलो. सलवार-कमीज न घालता समुद्रात उतरायची तिची ती पहिलीच वेळ. आदल्या रात्री खोलीत तीनदा घालून बघितला होता तिने. दहा मिनिटांत स्कर्ट पाणी पिऊन जड झाला, त्या वजनाने खांद्याचे पट्टे खाली आले आणि वहिनी दोन्ही हातांनी गळा धरून बाहेर आली. रंग फिकट आंबा, भिजल्यावर सगळं आरपार. मी टॉवेल घेऊन धावले. वाळूत बसलो तर उन्हाने रिंग तापली. संध्याकाळी बघितलं तर छातीवर रुपयाएवढा लाल गोल उमटलेला. पुढचे दोन दिवस ती पाण्याकडे फिरकली नाही.

त्यामुळे रिंग लावूच नका. फ्रिलही नको, ती ओली झाली की लोंबते. बाईपण दाखवायचं तर कटिंगमध्ये दाखवा: पोटावर आडव्या चुण्या घेऊन एका बाजूच्या शिवणीत धरा, गाठ हवी तर त्याच कापडाची घ्या. कोळणीचं लुगडं बघा. गुडघ्याएवढं, काष्टा घट्ट. त्याच नेसण्यात बंदरावर टोपली उचलता येते आणि हळदीला नाचताही येतं. तिथे शोभेचं म्हणून वेगळं काही लटकवलेलं नसतं.

कापड नायलॉन ८० टक्के आणि स्पॅन्डेक्स (ताणला जाणारा धागा) २०, दोन्ही दिशांना ताणलं जाणारं, साधारण १९० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १९० ग्रॅम. पॅटर्न अंगाच्या मापापेक्षा आडवा १० ते १५ टक्के लहान, उभा त्याहून कमी लहान. खांद्यावरून मांड्यांमधून परत त्याच खांद्यापर्यंत टेप फिरवून माप घ्या. हे चुकलं तर बाकी सगळं बरोबर येऊनही पट्टे खांद्यात रुततात. कडांना ओव्हरलॉक (कडा गुंडाळणारी मशीनची शिलाई) करून इलॅस्टिकवर झिगझॅग, साधी सरळ टीप ताण बसला की तुटते. प्रिंटचं कापड घेण्याआधी ताणून बघा, पुष्कळदा आतला पांढरा रंग वर येतो. आणि गळ्यामागे सोडता येणारी गाठ ठेवा. ओला वन-पीस बाथरूममध्ये खाली ओढताना काय हाल होतात ते पॅटर्न काढणाऱ्या पुरुष मास्तरांना कधीच सुचत नाही.

स्कर्ट वेगळाच ठेवा: नायलॉनच्या पातळ जाळीचा, बाजूला बांधायचा. पाण्यात उतरताना सोडून ठेवला की तो कोरडा राहतो, आणि पाण्यातून आल्यावर तोच गुंडाळून जेवायला बसता येतं. शिवाय काही जलतरण तलावांवर स्कर्ट घालून उतरूच देत नाहीत.

हे मी समुद्र आणि सुट्टी धरून सांगतेय. रोज क्लोरीनच्या पाण्यात पोहणारीसाठी हे कापड टिकणार नाही. स्पॅन्डेक्स सैल पडतो, तिला पॉलिएस्टर-पीबीटी (क्लोरीनमध्ये जास्त टिकणारं पॉलिएस्टरचं कापड) लागेल. फिकट रंग आवडत असतील तर घ्या, पण अस्तर त्वचेच्या रंगाचं आणि मागूनही.

पहिला नग शिवून झाला की दुकानात देऊ नका. बादलीत भिजवा, घाला, खुर्चीवर अर्धा तास बसा, मग उजेडात उभं राहून कोणाला तरी बघायला सांगा. त्या बारांपैकी एकही नग आम्ही असा घालून बघितला नव्हता.