व्ही-क्रॉसला लिफ्ट किट: दोन इंच की चार इंच?

गाडी उंच करायला दोन इंचांचं लिफ्ट किट (उंची वाढवणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) घ्यावं की चार इंचांचं, असं तुम्ही विचारलंत. गाडी सांगितलीत (इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, १.९ लिटर, फोर बाय फोर), टायर सांगितलेत (२५५/६० आर १८), बजेटही सांगितलंत. गाडीवर कायमचं वजन किती असणार, तेवढंच राहिलं. आणि किट ठरतं ते त्यावरच.

चार इंचांचा विषय आधी संपवू. या गाडीला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग आहेत, मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). पुढे स्प्रिंग बदलून ४० ते ५० मिमी, म्हणजे दोन इंचांपर्यंत, उंची घेतली तर पचते. त्यापुढे चाकांना ताकद पोचवणारे सीव्ही जॉइंट कायम तिरके फिरतात, त्यांची रबरी आवरणं (बूट) फाटतात, ग्रीस उडतं. खरे चार इंच हवे असतील तर पुढचं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि आर्मचे माउंटच खाली घ्यावे लागतात. सुट्टीत घाटात जाणाऱ्या गाडीला हा खटाटोप कशाला?

स्पेसरबद्दल विचारलंत. स्ट्रटच्या (पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीच्या) डोक्यावर जाड चकती बसवली की गाडी चकतीच्या जाडीच्या दीडपट-दुपटीने उठते, म्हणून सौदा स्वस्तातला वाटतो. पण स्प्रिंग तीच, शॉकअप तेच. अख्खा स्ट्रट खाली सरकल्यामुळे चाक लटकलं की जॉइंट जास्त ताणला जातो, आणि मोठ्या खड्ड्यात रबरी स्टॉप लागण्याआधीच शॉकअप तळाला आपटू शकतो. फक्त ऐटीसाठी उंची हवी असेल तर लावा. माझ्या गाडीला मी लावणार नाही.

आता उंची नेमकी कुठे मिळते ते बघा. चाकोरीत चाकं उतरली की मधल्या मातीच्या उंचवट्यावर घासतो तो मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा, म्हणजे मागचं डिफरन्शियल. किट कितीही इंचांचं लावा, तो एक मिमीही वर जात नाही, कारण तो चाकांनाच बांधलेला आहे. तो उचलतो फक्त टायर. तुमच्या टायरचा व्यास साधारण ७६३ मिमी. २६५/६५ आर १८ घेतलात तर ८०२, म्हणजे गोळ्याखाली १९ मिमीच्या आसपास वाढ. एवढ्यासाठी स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५ च्या घरात असेल. लिफ्टचा फायदा वेगळा: मोठा टायर गार्डला घासत नाही, चेसिस आणि पायऱ्या दगडांपासून वाचतात, चढाला नाक टेकत नाही.

म्हणून आधी वजनकाट्यावर जा. वाळूचे नाहीतर उसाचे ट्रक जिथे उभे राहतात तोच काटा चालतो. टाकी फुल्ल करा, हौद्यात नेहमीचं सामान ठेवा. आधी पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर, मग अख्खी गाडी, अशी दोन वजनं घ्या. वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा मिळतो. विंच (गाडी ओढून काढायची मोटर), लोखंडी बंपर, कॅनपी (हौद्यावरचं झाकण), टपावरचा तंबू यांतलं जे नक्की बसवणार असाल तेच त्यात धरा. ‘पुढेमागे घेऊ’वालं धरू नका. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग या ऑस्ट्रेलियन कंपन्या एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंग आणि पाटे देतात. रिकाम्या गाडीला कायमच्या ३०० किलो वजनासाठीचे पाटे घातलेत तर मागे बसलेल्यांची हाडं खिळखिळी होतील.

यात एक मेख आहे. तिकडची डी-मॅक्स बरीच वर्षं तीन लिटर इंजिनाची होती. आपलं १.९ चं इंजिन हलकं, त्यामुळे तीच स्प्रिंग इथे गाडीचं नाक जास्त उचलते आणि राइड कडक होते. विक्रेत्याला स्प्रिंगचा पार्ट नंबर कोणत्या इंजिनासाठी आहे ते स्पष्ट विचारा. उत्तर देताना तो चाचपडला तर दुसरं दुकान गाठा.

मागे अख्खा पाट्यांचा संच बदला. नुसत्या लांब शॅकलने (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी) किंवा पाट्याखालच्या ब्लॉकने उंची मिळते, पण ताकद तीच राहते. पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घाला.

काम देण्याआधी टेपने चारही चाकांच्या मध्यापासून गार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने आकडा बदलतो. किट बसल्यावर पुन्हा मोजा. अलाइनमेंट करून घ्या आणि कॅस्टरचा (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) आकडा छापून मागा. तो हद्दीत येत नसेल तर वेगळे अपर आर्म लागतील. हेडलाइट खाली करा, नाहीतर समोरचे शिव्या घालतील. हजारेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्ही मूळ रचनेत बदल करण्याच्या विरोधात आहेत. विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. बुलबार (बंपरपुढची लोखंडी जाळी) तर नकोच, त्यावर बंदी आहे.

काट्याची पावती मिळाली की दोन्ही अ‍ॅक्सलचे आकडे इथे टाका, कोणती स्प्रिंग ते सांगतो.