शाळेतील वाचोपचार

प्रश्न : मी स्पीच थेरपिस्ट आहे. अमेरिकेतील सरकारी शाळेत नोकरी करण्याचा विचार आहे. रुग्णालयातील कामापेक्षा ते कितपत वेगळे असते?

उत्तर : बरेच वेगळे असते. रुग्णालयात निदान झाले की उपचार सुरू होतात. शाळेत मात्र बोलण्यातील अडचणीचा मुलाच्या शिक्षणावर प्रतिकूल परिणाम होतो आहे का, हे आधी दाखवून द्यावे लागते, कारण दिव्यांग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या १९७५ च्या ज्या संघीय कायद्याला १९९० पासून ‘आयडिया’ म्हणतात, त्यानुसार ही सेवा मोफत विशेष शिक्षणाचा भाग आहे. अशा प्रत्येक मुलासाठी पालक व शिक्षकांसह ‘आयईपी’ हा वैयक्तिक आराखडा तयार होतो आणि त्याचा आढावा वर्षातून किमान एकदा घेतला जातो. त्यात ‘उच्चार सुधारेल’ असे मोघम लिहून भागत नाही. ‘वाक्यात बोलताना र हा ध्वनी दहापैकी आठ वेळा स्पष्ट उच्चारेल’ असे मोजता येणारे उद्दिष्ट लागते. साहजिकच लिखापढी पुष्कळ, आणि नवख्यांना तीच जड जाते, असे माझे मत आहे.

घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाची चाचणी केवळ इंग्रजीत घेऊन त्याला वाचादोष ठरवणे कायद्यालाही मान्य नाही. तिथे तुमचे बहुभाषिक असणे उपयोगी पडेल.

परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी लागते. मुलाखतीत मात्र एका थेरपिस्टकडे किती मुले असतात, हे स्पष्ट विचारून घ्या, कारण त्यावर मर्यादा काही राज्यांतच आहे.